धान निघालं की नाटक

नमस्कार मंडळी.

मघाशी माझी ओळख करून देताना 'मागास भागातून आलेले' असं म्हटलं गेलं. रागावलो नाही. गडचिरोली म्हटलं की बातम्यांत काय येतं, ते मलाही ठाऊक आहे. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एकांनी फार मायेनं विचारलं होतं, "तुमच्याकडे आपली एकांकिका नेऊ या का? तिकडे जरा कला पोचेल." मी म्हटलं, दिवाळीनंतर तारीख मिळणार नाही.

सगळे हसले, पण मी गंमत करत नव्हतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झालं की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस येतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती येतात आणि नाटक येतं. ते थेट होळीपर्यंत चालतं. वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावचं मंडळ तिथं जातं, नाटक ठरवतं, नटी कोण ते विचारतं, बयाणा देतं. तिकिटं विकायची गावानंच. अवकाळी पाऊस आला तर बुडायचंही गावानंच. अनुदानाचा अर्ज कसा भरतात, हे मी इथं येऊन शिकलो.

आमच्या गावात कापणी झालेल्या बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच मंडप पडायचा. चारी बाजूंनी कनात, खाली तणस म्हणजे धानाचा पेंढा, अंगावर चादर. पडदा दहाला वर जायचा आणि नाटक संपेस्तोवर उजाडायचं. त्या रात्री गावात एकही घर पाहुण्यांवाचून नसे. माझ्या थोरल्या बहिणीची सोयरीक अशाच एका रात्री, पहिला अंक सुरू व्हायच्या आत जुळली. जावई पुढं दुसऱ्या अंकात घोरले, तो भाग वेगळा. (आपल्याला इथं साडेनऊला हॉल रिकामा करून द्यावा लागतो.)

नाटकं सगळी चांगली असतात असं नाही. रडारड फार, मधेच लावणी घुसते, प्रॉम्प्टर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतो. आमची जुनी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, या झगमगाटात मागं पडली, याचं मला वाईट वाटतं. पण आदल्या रात्री एका गावात मेलेला नट दुसऱ्या रात्री पंधरा कोसांवर पुन्हा तितकाच जीव ओतून मरतो. समोर बसलेला माणूस धान विकून आलेला असतो. त्याला कंटाळा आला तर तो तिथल्या तिथं सांगतो.

गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुण्याच्या मित्राचा फोन आला, "हे झाडीपट्टी काय प्रकरण आहे?" मी म्हटलं, तू नाट्यशास्त्र शिकवतोस ना?

परवा आईचा फोन होता. "यंदा पौषात नाटक हाये, येजो." दोन जागा धरायला सांगितल्यात. कोणाला यायचं असेल त्यांनी जेवणानंतर मला भेटा. राहायची सोय घरी होईल, तिकीट मात्र ज्याचं त्यानं काढायचं.