ग्रँड कॅनियनच्या तळाशी मुक्काम: आखणी परतीच्या चढापासून

(दृश्य: साउथ रिम, म्हणजे दरीची दक्षिणेकडची कडा. खाली उतरत गेलेली पायवाट.)

सह्याद्रीत आधी चढून दमायचं आणि मग उतरून घरी यायचं, ही आपली सवय. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियनमध्ये सगळं उलट. सकाळी ताज्या दमाने जवळपास १,४५० मीटर उतरायचं आणि पाय भरून आल्यावर चढाला लागायचं. म्हणून इथला बेत शेवटच्या दिवसापासून मागे मागे ठरवत यावा.

चढायला ब्राइट एंजल ट्रेल. तळापासून साधारण १५ किलोमीटर, पण मधे पाणी आणि थोडी सावली. उतरायला साउथ कायबॅब. ११ किलोमीटरची उभी वाट, पाण्याचा थेंब नाही. तिथून चढायचा विचारही नको. साउथ कायबॅबच्या सुरुवातीपर्यंत खाजगी गाडी जात नाही, पहाटेची शटल बस पकडावी लागते.

(दृश्य: परमिटचा कागद, तंबूला बांधलेला.)

दरीत रात्र काढायला बॅककंट्री परमिट लागतं. लॉटरी साधारण चार महिने आधी: ऑक्टोबरमध्ये जायचं तर अर्ज १६ मे ते १ जून. लॉटरी लागली म्हणजे जागा मिळाली असं नाही. बुकिंग करायला इतरांच्या आधीची वेळ मिळते, एवढंच. तेव्हा दोन-तीन पर्यायी तारखा काढून ठेवा. लहान गटाच्या जागेत सहाच माणसं. सात ते अकरा जणांसाठी मोठी जागा, आणि त्या अगदी मोजक्या. आठ मित्रांनी दोन परमिटं काढून एकाच कॅम्पग्राउंडवर उतरायचं, ही युक्ती नियमात बसत नाही.

दोन रात्री मागा. पहिली नदीकाठच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर, दुसरी अर्ध्या चढावरच्या हवासुपाई गार्डन्सला. चढ दोन दिवसांत विभागला की तोच ट्रेक माणसात येतो.

(दृश्य: दुपारचं ऊन. तापलेले कातळ.)

महिने एप्रिल आणि ऑक्टोबर. जुलैत तळाशी पारा ४० अंशांच्या वर जातो, काठावर मात्र हवा सुखद असते, आणि तिथेच माणसं फसतात. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालायचं नाही. जुलै ते सप्टेंबर वळवासारख्या सरी येतात. पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि ओढा इथे फुगतो. हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ घट्ट होतो, बुटांना काटे लावावे लागतात.

आता पाणी. उतरताना माणशी तीन ते चार लिटर. चढावरचे नळ ज्या पाइपलाइनवर आहेत ती १९६० च्या दशकातली, ॲल्युमिनियमची. २०१० पासून ती ८५हून अधिक वेळा फुटली आहे. काठापासून दीड मैल आणि तीन मैलांवरच्या विश्रांतिस्थळांचे नळ तर हिवाळ्यात बंदच असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर नळांची स्थिती बघा, आणि फिल्टर न्याच. कोलोरॅडो नदीचं गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये ओतलं तर तो तुंबतो. भांड्यात गाळ बसू द्या, मग वरचं पाणी गाळा.

नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक. घामावाटे मीठ जातं, पाणी मात्र वाढत राहतं; रक्तातलं सोडियम उतरलं की मळमळ, डोकेदुखी, मग भ्रम. दर घोटामागे काहीतरी खारट चावा. खारे शेंगदाणे, चिवडा, लोणच्याची फोड: इथे आपला डबा कामाला येतो.

स्वयंपाकाला गॅस स्टोव्हच, शेकोटीला बंदी. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती फ्लॅगस्टाफ शहरात किंवा साउथ रिमच्या दुकानात घ्या. सॅक १२ किलोच्या आत बसवा. उतरण्याआधी पायाची नखं कापा आणि नाडी घोट्याशी घट्ट बांधा. नाहीतर प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो आणि नख काळं पडतं.

(दृश्य: लोखंडी पेटीभोवती घुटमळणारी खार.)

इथला खरा चोर म्हणजे खार. सॅक कुरतडते, चावतेही. खाणं, टूथपेस्ट, कचरा, सगळं कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत. रिकामी सॅक खांबाला. कचरा परत वर न्यायचा. विंचू असतात, सकाळी बूट झटकूनच घाला. नदीत पोहायला उतरू नका: पाणी ग्लेन कॅनियन धरणाच्या खोलातून येतं, गार असतं आणि ओढ जबर असते.

(दृश्य: पहाटेचा अंधार. हेडलॅम्पची रांग.)

तळातून पहाटे ४ च्या सुमारास निघा. डेव्हिल्स कॉर्कस्क्रू या नागमोडी चढाची वळणं ऊन यायच्या आत संपली पाहिजेत. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. वाटेत खेचरं आली तर कड्याच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं आणि हाकणाऱ्याचं ऐकायचं. हवासुपाई गार्डन्सला पोचल्यावर बूट काढा, शर्ट ओढ्यात भिजवून तसाच अंगात घाला. वरचे सात किलोमीटर दुसऱ्या दिवशी, पुन्हा उजाडायच्या आत.