ट्रेलर जोडल्यावर ॲव्हरेज किती?

(अमेरिकेतल्या डेन्व्हर परिसरातल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप घेऊन मला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाने पहिला प्रश्न एकच विचारला: "ॲव्हरेज किती देते?" आपल्यातली तीन-चार कुटुंबं पिकअप आणि मागे ओढायला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घ्यायचं मनात धरून आहेत, तेव्हा एकदाचं सगळ्यांना मिळून सांगून टाकतो.

शोरूममध्ये कारच्या काचेवर मायलेजचा कागद चिकटवलेला असतो. मोठ्या पिकअपवर तो आकडा शोधत बसू नका. गाडी आणि माल धरून कमाल वजन 8,500 पौंडांच्या वर गेलं की तो छापायचं बंधन नाही. फोर्ड एफ-250, रॅम 2500, सिल्व्हराडो 2500, सगळ्या त्या रेषेच्या वरच्या. मग ती रिकामी जागा सेल्समन भरतो. मला त्याने "ट्रेलर लावून गॅलनला आरामात पंधरा-सोळा मैल" असं सांगितलं. मी जन्मभर मेकॅनिकल इंजिनिअर, तरी मान डोलावली.

आता माझे खरे आकडे. इंजिन 6.7 लिटरचं, सहा सिलिंडरचं. मागे साडेसात हजार पौंडांचा ट्रेलर. रिकामी गाडी हायवेवर ताशी 65 मैलांनी चालवली तर गॅलनला 19 मैल, म्हणजे लिटरला आठ किलोमीटर. गावात 14. ट्रेलर लावला की 11. लिटरला पावणेपाच किलोमीटरही नाही.

हे 11 मी डॅशबोर्डवर बघून सांगत नाही. पहिल्या सहलीत तिथे 12.1 दिसत होतं. मी पंपावर उतरलो, वही काढली. 306 मैल, 27.4 गॅलन. भागाकार करून बघा, 11.2 येतात. आणि टाकी भरतानाही जपायला लागतं. डिझेलला फेस येतो, नोझल आधीच खट्कन बंद होतं आणि आपल्याला वाटतं टाकी भरली. मी फेस बसेपर्यंत थांबतो, मग हळूहळू पुन्हा भरतो. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच टाक्यांचा हिशेब लावा. शिवाय नवीन गाडीला लगेच ट्रेलर जोडू नका. पहिले 500 किंवा 1,000 मैल थांबा, असं मॅन्युअलमध्ये असतं. आपण ते वाचत नाही, ते सोडा.

बहुतेकांना वाटतं ॲव्हरेज वजनाने पडतं. सपाट रस्त्यावर ते मुख्यतः वाऱ्याने पडतं. माझा ट्रेलर आठ फूट रुंद आणि वरचा एसी धरून अकरा फूट उंच. म्हणजे गाडीच्या मागून एक भिंत चाललेली असते. एकदा शेजाऱ्याचा छोटा ट्रॅक्टर फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, घालून नेला. वजन माझ्या ट्रेलरपेक्षा हजार पौंड जास्त, आणि मिळाले 14! कारण तो ठेंगणा, गाडीच्या आडोशात लपला.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 65 वरून 75 वर गेलात की तो एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून उजव्या पायाला आवरणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. त्यातल्या त्यात आपलं नशीब बरं, डेन्व्हरची हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के विरळ आहे.

मग वजन कुठे मोजलं जातं? चढावर. इथून आय-70 महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे निघा. डेन्व्हर 5,280 फुटांवर, बोगदा 11,158 फुटांवर, अंतर साठेक मैल. गाडी आणि ट्रेलर मिळून पंधरा हजार पौंड धरा. एवढं वजन नुसतं वर उचलायला किती डिझेल लागेल? मी कागदावर मांडलं. इंजिन डिझेलमधल्या ऊर्जेपैकी चाळीसेक टक्के कामाला लावतं असं धरलं तर सव्वादोन गॅलन. सपाटीवर तेवढ्या अंतराला साडेपाच गॅलन लागले असते, इथे पावणेआठ. म्हणजे गॅलनला आठ मैलसुद्धा नाहीत. हा आकडा पाहून गाडी बिघडली असं समजून मी पहिल्यांदा फार अस्वस्थ झालो होतो. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) लावला की डिझेल जवळजवळ जातच नाही, पण चढाचं सगळं काही परत मिळत नाही.

मागून कोणीतरी विचारतंय, "काका, ते युरियाचं काय?" हो, डीईएफ. धुरातले घातक वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण: पाण्यात विरघळवलेला युरिया, 32.5 टक्के. आपल्या शेतात टाकतात तोच, फक्त अतिशय शुद्ध. डिझेलच्या दोन-तीन टक्के लागतो, ट्रेलर ओढताना थोडा जास्त. शिवाय धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जादा डिझेल खाते. गंमत म्हणजे हायवेवर ओझं ओढताना धूर इतका तापतो की बरीचशी काजळी आपोआप जळते. किराणा आणायला चार-चार मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्यालाच त्याचा खरा फटका. कॅम्पग्राउंडवर कोणी ना कोणी भेटतोच, "फिल्टर काढून टाक, तीन मैल वाढतील" म्हणणारा. त्याच्याकडून चहा घ्या, सल्ला घेऊ नका. ते बेकायदा आहे.

आता पैशाचं, ज्यासाठी तुम्ही आलात. डिझेल इंजिनासाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. तुम्ही ट्रेलर लावून वर्षाला 5,000 मैल फिरता असं समजू. डिझेलला 11 च्या हिशेबाने 455 गॅलन. पेट्रोलच्या तशाच गाडीला साडेआठ धरले तर 588. फरक 133 गॅलनचा. दोन्ही इंधनं चार डॉलरला मिळाली, तरी वर्षाला जेमतेम साडेपाचशे डॉलर वाचतात. दहा हजार वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षं! आणि डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच असतं. तेव्हा पैसे वाचवायला डिझेल घ्यायची कल्पना सोडून द्या. मी घेतली ती चढावर मागचा ट्रक हॉर्न मारू नये म्हणून आणि उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून. आमच्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ॲव्हरेज कोण विचारतं? तासाला किती डिझेल खातो, एवढंच विचारतात.

शेवटची गोष्ट शेजारच्या वायोमिंग राज्यातली. आय-80 महामार्गाने लॅरमी गावाहून पश्चिमेला निघालो. समोरून ताशी वीस मैलांचा वारा. गाडी 65 ने, पण हवेच्या हिशेबाने 85 ने चाललेली. अडथळा सत्तर टक्के जास्त. ॲव्हरेज साडेसात. टाकी 36 गॅलनची म्हणून मी तीनशे मैल गृहीत धरले होते. सव्वादोनशेलाच दिवा लागला. बायको शेजारी नकाशा मांडीवर घेऊन बसलेली, आमचं बोलणं बंद. तेव्हापासून त्या रस्त्याला मी टाकी अर्धी झाली की थांबतो, आणि मोठ्या ट्रकच्या रांगेतला पंप शोधतो, कारण अकरा फुटांचा ट्रेलर कारच्या पंपांमधून वळवायचा प्रयत्न मी एकदा केला आहे.