माफीतला 'ने'

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसात आलेल्या मंडळींनो,

विषय 'राष्ट्रीय माफीचं मोल' असा जाहीर झालाय. मला 40 मिनिटं दिली होती. त्यातली 10 माझ्या परिचयातच गेली, आणि तो परिचय मीच लिहून दिलेला असल्यामुळे तक्रारही करता येत नाही.

मी जन्मभर व्याकरण शिकवलं. त्यामुळे माफी कानावर आली की आधी कर्ता शोधतो. 'चूक झाली.' कोणाकडून? 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' गैरसोय केली कोणी? रस्ता काय आपणहून खणला गेला?

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी पेन्शन थांबली. खेटे घातल्यावर कळलं की कागदोपत्री मी मयत आहे. म्हटलं, अहो, समोर उभा आहे की! खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दिसताय, पण सिस्टीममध्ये दिसत नाही. हयातीचा दाखला आणा." आणला. तर म्हणे, हा मृत्यूच्या तारखेनंतरचा आहे, चालणार नाही! सात महिने मी मयत म्हणून हिंडलो. बायको म्हणते, घरात काही फरक जाणवला नाही. शेवटी पत्र आलं: 'नजरचुकीने सदर नोंद झाली होती. तसदीबद्दल दिलगिरी.' नोंद झाली! म्हणजे ती पहाटे उठली आणि स्वतःच रजिस्टरात जाऊन बसली. मी त्या पत्रात 'ने' शोधत होतो. अमुक कारकुनाने, तमुक साहेबाने. 'नजरचुकीने' सापडला, पण नजरचूक काही सही करत नाही. गंमत अशी की 'मी' नि 'आम्ही'ला मराठीत 'ने' लागतसुद्धा नाही. 'आम्ही केली' म्हटलं की संपलं. तरी ते तोंडातून निघत नाही.

चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं. बरं.

लेक अ‍ॅडलेडला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा ही हकीकत कळली. 1957 चा नाताळ. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूराँग भागातलं 13 महिन्यांचं अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे मूलनिवासी) बाळ, ब्रूस ट्रेव्हॉरो. पोट बिघडलं म्हणून शेजाऱ्यांनी त्याला अ‍ॅडलेडच्या मुलांच्या इस्पितळात नेलं, कारण बापाकडे गाडी नव्हती. बाळ बरं झालं, आणि दोन आठवड्यांत एका गोऱ्या कुटुंबाला दिलं गेलं. पाहा, मीसुद्धा 'दिलं गेलं' म्हणालो! अ‍ॅबोरिजिनीज प्रोटेक्शन बोर्डाने, म्हणजे मूलनिवाशांवरच्या सरकारी मंडळाने, दिलं. आईबापांना न विचारता. काही महिन्यांनी आईने पत्र घातलं: बाळ कसं आहे, घरी कधी येईल? उत्तर आलं, प्रकृती सुधारतेय, पण डॉक्टर अजून सोडत नाहीत. बाळ तेव्हा इस्पितळात नव्हतंच. आईची भेट झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. बाप तोवर गेला होता.

माझे सात महिने आणि त्याची ती वर्षं एका तागडीत घालत नाही. पण कागद त्याच जातीचा.

आणि हा एकटा नव्हे. अशा मुलांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल 1997 चा. त्याच्या अंदाजाने 1910 ते 1970 या काळात दहातलं एक ते तिनातलं एक मूलनिवासी मूल घरातून उचललं... सरकारांनी, मिशनऱ्यांनी. न्यू साउथ वेल्स राज्यात 1915 च्या कायदादुरुस्तीनंतर मूल उचलायला कोर्टाकडेही जावं लागत नसे. तिथल्याच किंचेलाच्या वसतिगृहात तर मुलांना नावाऐवजी नंबर होते.

पाच मिनिटं? मग मूळ मुद्दा पळवतो. 1992 मध्ये सिडनीतल्या रेडफर्नच्या भाषणात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान कीटिंग म्हणाले, मुलं आम्ही आयांपासून नेली. कर्ता हजर! 1999 मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांच्या ठरावात पुन्हा नुसता 'खेद', कारण आजच्या पिढीने कालच्यांची माफी का मागावी, असं त्यांचं म्हणणं. 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत 'सॉरी' म्हटलं, आणि कायदे, धोरणं कोणाची? लागोपाठच्या संसदांची आणि सरकारांची, असं स्पष्ट सांगितलं. भरपाई-निधी मात्र नाकारला. केंद्राच्या अखत्यारीतल्या प्रदेशांपुरती माणशी 75,000 डॉलरची योजना जाहीर व्हायला 2021 उजाडलं. मग माफीने काय दिलं? माझ्या मते दुरुस्त नोंद. ती स्वस्त नसते, म्हणून तर 'ने' टाळतात. पण नोंद म्हणजे निकाल नव्हे, ते आता...

हो हो, ऐकली घंटा. एवढंच सांगतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संसदेने 1997 मध्येच माफी मागितली होती. ब्रूसचा दावा उभा राहिला तेव्हा त्याच राज्याचे वकील त्याच्याविरुद्ध लढले. 2007 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते नेणं बेकायदा ठरवून 5,25,000 डॉलर मंजूर केले. त्यावर अपील केलं सरकारने. बघा, इथे आला 'ने'! अपील 2010 मध्ये फेटाळलं गेलं. ब्रूस 2008 च्या जूनमध्येच गेला होता.