लॅकवाना : कोळशाच्या पैशावर उभी राहिलेली रेल्वे

मित्रहो, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनहून, समिटहून रोज लोकलने होबोकनला किंवा न्यूयॉर्कला जाणारी मंडळी इथे नक्की असतील. ज्या मार्गावरून तुमची लोकल धावते, तो एका कोळसा कंपनीच्या पैशावर मोठा झाला. कोळसा कंपनी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. 'डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न' ही कागदोपत्री रेल्वे होती, पण तिच्याकडे स्वतःच्या खाणी होत्या. कोळसा तिचा, तो वाहून नेणाऱ्या गाड्या तिच्या आणि शहरात विकायची यंत्रणाही तिचीच. म्हणून हा इतिहास डब्यात बसून सांगण्यापेक्षा खाणीच्या तोंडापासून सांगावा असं मला वाटतं.

ईशान्य पेनसिल्व्हेनियात, जेमतेम पाचशे चौरस मैलांच्या पट्ट्यात, अँथ्रासाइट नावाचा कठीण कोळसा सापडतो. तो लवकर पेट घेत नाही, पण एकदा पेटला की धूर जवळजवळ नसतो आणि आच दीर्घकाळ टिकते. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन इथली घरं हिवाळ्यात त्याच्यावरच ऊब धरायची. याच पट्ट्यातल्या स्लोकम हॉलो नावाच्या वस्तीत (हेच पुढे स्क्रँटन शहर झालं) १८४० मध्ये जॉर्ज आणि सेल्डन स्क्रँटन या भावांनी लोखंडाची भट्टी उभारली. सुरुवात फार कठीण गेली. भट्टी अँथ्रासाइटवर चालवायची होती, आणि ते तंत्र अमेरिकेत तेव्हा अगदी नवं होतं. त्यांना तारलं ते रुळांनी. त्या काळी अमेरिकेत रूळ बहुतेक ब्रिटनहून यायचे. शेजारून जाणाऱ्या ईरी रेल्वेला ठरलेल्या मुदतीत मार्ग पुरा करायचा होता, म्हणून तिने या भावांना रुळांचं मोठं काम दिलं. त्यांनी ते वेळेत पुरं केलं. तयार झालेले रूळ जनावरांच्या गाड्यांवर लादून जंगलातून न्यावे लागले, कारण खुद्द भट्टीपर्यंतच रेल्वे आली नव्हती!

त्या हालांतूनच पुढचा मार्ग ठरला. १८५१ मध्ये उत्तरेला ग्रेट बेंडपर्यंत गाडी सुरू झाली, १८५३ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन लॅकवाना रेल्वे जन्माला आली, आणि १८५६ मध्ये पोकोनो डोंगर ओलांडून ती दक्षिणेला डेलावेअर नदीपर्यंत पोहोचली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ईरीशी जुळावं म्हणून सहा फुटी ठेवलं होतं. ते १८७६ मध्ये बदलून प्रमाण गेज केलं. १८६८ मध्ये न्यू जर्सीतली मॉरिस अँड एसेक्स रेल्वे भाडेपट्ट्याने घेतली आणि कोळसा थेट हडसनच्या काठावर, होबोकनला, उतरू लागला. १८८२ मध्ये दुसऱ्या टोकाला बफेलो गाठलं.

आता खाणीच्या आत जाऊ. ६ सप्टेंबर १८६९ रोजी प्लिमथजवळच्या अॅव्हॉनडेल खाणीत आग लागली. खाणीत उतरायला आणि वर यायला एकच उभी विहीर होती, आणि कोळसा फोडण्याची लाकडी इमारत नेमकी त्या विहिरीच्या डोक्यावर बांधलेली होती. ती पेटली आणि खालच्या माणसांना बाहेर यायला वाटच उरली नाही. ११० जण गेले. त्यांत वाचवायला उतरलेले दोघेही होते. दुसरी वाट खणायला पैसा लागतो, म्हणून ती खणली नव्हती. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने कायदा करून प्रत्येक खाणीला दोन वाटा सक्तीच्या केल्या. ११० माणसं गेल्यावर जो कायदा होतो, तो आधी का होत नाही, हा प्रश्न मला कुठल्याही देशातल्या खाणीबद्दल वाचताना पडतो.

कोळशातला दगड वेचायला लहान मुलं बसवत. दिवसभर घसरत येणाऱ्या कोळशाच्या धारेवर वाकून, हातांनी. १९११ मध्ये लुइस हाइन यांनी पिट्सटनला काढलेली त्या मुलांची छायाचित्रं जरूर पाहा. नऊ-दहा वर्षांचे वाटावेत असे चेहरे, आणि नजर मात्र थकलेल्या मोठ्या माणसांची.

१८९९ मध्ये विल्यम ट्रूसडेल अध्यक्ष झाले. ते १९२५ पर्यंत त्या खुर्चीत होते, आणि या रेल्वेचं वैभव त्यांच्याच काळातलं. पण याच काळात, मे १९०२ मध्ये, जॉन मिचेल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १ लाख ४७ हजार खाण कामगार संपावर गेले. हिवाळा जवळ आला, शहरांत कोळसा मिळेना. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. मालकांच्या बाजूला बसलेले जवळजवळ सगळे रेल्वेचे अध्यक्ष होते आणि ट्रूसडेल त्यांत होते. खाण कामगारांच्या मजुरीचा वाद आणि समोर रेल्वेवाले, यावरून त्या धंद्याची रचना कळते. मालकांनी मिचेल यांच्याशी बोलायलाही नकार दिला. शेवटी आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे कामगारांची बाजू वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी मांडली, आणि १९०३ मध्ये दहा टक्के वाढ व कामाचे कमी तास मिळाले. संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही.

आणि अगदी याच वर्षांत या कंपनीने फीबी स्नो ही जाहिरातीतली तरुणी जन्माला घातली. पांढराशुभ्र पोशाख, पांढरी टोपी. इतर रेल्वेगाड्यांत बसलं की इंजिनाच्या काजळीने कपडे काळे व्हायचे. ही मुलगी छोट्या यमकबद्ध ओळींतून सांगायची की अँथ्रासाइटच्या वाटेवर माझा झगा सकाळपासून रात्रीपर्यंत पांढराच राहतो. दावा खरा होता आणि जाहिरात विलक्षण गाजली. मला ती आवडते, हेही सांगतो. पण त्या पांढऱ्या झग्याजवळ पिट्सटनच्या मुलांची छायाचित्रं ठेवल्याशिवाय ती पूर्ण दिसत नाही.

कोळशातून आलेला पैसा ट्रूसडेल यांनी काँक्रीटमध्ये ओतला. १९०७ मध्ये होबोकनचं तांब्याने मढवलेलं भव्य स्थानक उघडलं. फलाटांवरचं छत अभियंते लिंकन बुश यांच्या कल्पनेचं होतं : उंच अवाढव्य शेडऐवजी बुटकं छत, आणि रुळांच्या बरोबर वर धूर निघून जायला लांबलचक फट. मग १९०८ ते १९११ मध्ये न्यू जर्सीच्या डोंगरांतून साडेअठ्ठावीस मैलांचा सरळ 'कट-ऑफ', म्हणजे जवळचा मार्ग, काढला. जुन्या वळणावळणाच्या मार्गापेक्षा अकरा मैल वाचले. त्यासाठी पेक्वेस्ट नदीच्या खोऱ्यात तीन मैल लांब आणि काही ठिकाणी ११० फूट उंच भराव घातला. त्याच्या मातीसाठी आसपासची शेतं विकत घेऊन उकरली. पूर्ण मार्गावर रस्त्याचं एकही फाटक नव्हतं.

याहून थोर काम निकल्सन गावातलं. १९१५ मध्ये पुरा झालेला टंकहॅनॉक पूल २,३७५ फूट लांब, नदीपात्रापासून २४० फूट उंच आहे आणि पायथ्याचा खडक लागेपर्यंत खोल खणून उभा केलेला आहे. आराखडा अब्राहम बर्टन कोहेन या अभियंत्याचा. एवढं करून वाचले किती? साडेतीन मैलांच्या आसपास. पण चढ कमी झाला आणि जड कोळसा गाड्यांना जास्तीची इंजिनं लावण्याचा खर्च घटला. आज एकशे दहाहून जास्त वर्षांनंतरही त्याच्यावरून मालगाड्या जातात. हिशेब करणारा माणूस इतकं टिकाऊ बांधत नाही, असं वाटेल. पण अँथ्रासाइट कायम राहणार, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्या हिशेबाने हे बांधकाम महाग नव्हतं.

तो विश्वास खोटा ठरला. रेल्वेने आपल्याच मालकीचा माल वाहू नये, असा कायदा १९०६ मध्ये आला आणि खाणी हळूहळू वेगळ्या कराव्या लागल्या. १९१७ मध्ये अँथ्रासाइटचं उत्पादन १० कोटी टनांच्या घरात होतं. मग घरोघरी तेल आणि गॅस आले. १९५० मध्ये ते साडेचार कोटींच्या आत होतं, १९६० मध्ये दोन कोटींच्याही खाली.

मधल्या काळात प्रवासी बाजूला एक सुंदर गोष्ट घडली. ३ सप्टेंबर १९३० रोजी होबोकनहून माँटक्लेअरला पहिली विजेची लोकल सुटली, आणि तिच्या नियंत्रणावर हात होता थॉमस एडिसन यांचा. वय ८३. विजेचा दाब ३,००० व्होल्ट डीसी. आपल्या मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, म्हणजे पाच वर्षं आधीच, १,५०० व्होल्टवर धावली होती, हे इथल्या मुंबईकरांना मुद्दाम सांगतो. एडिसनच्या वेळचे ते डबे न्यू जर्सीत १९८४ पर्यंत प्रवासी वाहत होते!

१९४९ मध्ये होबोकन-बफेलो दिवसाच्या गाडीला 'फीबी स्नो' नाव दिलं, पण आता इंजिन डिझेलचं होतं आणि कोळसा संपत आला होता. १९५५ मध्ये डायन चक्रीवादळाच्या पुराने पोकोनोतला मार्ग उद्ध्वस्त केला. १९५९ च्या जानेवारीत नॉक्स खाणीचं छप्पर फोडून ससक्वेहाना नदी आत शिरली, बारा जण गेले आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामं जवळजवळ संपली. १९६० मध्ये लॅकवाना जुन्या शेजारणीत, ईरीत, विलीन झाली. १९६६ मध्ये 'फीबी स्नो' बंद झाली. १९७२ मध्ये दिवाळं, १९७६ मध्ये कॉनरेल या सरकारी रेल्वे कंपनीच्या ताब्यात. कट-ऑफचे रूळ १९८४ मध्ये उखडले. इतकी मेहनत भंगारात विकली गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

टिकली ती लोकल, कारण न्यू जर्सी राज्याने ती आपल्या हाती घेतली. नफ्यावर सोडली असती तर तीही गेली असती. आता कट-ऑफचा पूर्वेकडचा तुकडा अँडोव्हरपर्यंत पुन्हा रुळांवर आणण्याचं काम हाती आहे, आणि स्क्रँटन-न्यूयॉर्क प्रवासी गाडीचा प्रस्ताव केंद्र सरकारच्या मार्ग विकास कार्यक्रमात २०२३ मध्ये निवडला गेला. ती गाडी व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर गाडीने नाही तर मोटारीने स्क्रँटनला जा. जुन्या यार्डात स्टीमटाउन नावाचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तिथे वाफेची इंजिनं आहेत. पण आधी शहरातच मॅकडेड पार्कमध्ये खाण बघायला मिळते, तिथे ट्रॉलीत बसून खाली उतरा. मुलांना बरोबर न्या. इंजिनं दुपारी बघा.