चिंता आणि आपली दिनचर्या

(पुण्यातील एका सार्वजनिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

चिंता कायमची घालवून देणारा उपाय आज ऐकायला मिळेल, या अपेक्षेने कोणी आले असेल तर त्यांची निराशा मी सुरुवातीलाच करून टाकते. परीक्षेची, घरातल्या आजारपणाची, कर्जाच्या हप्त्याची काळजी वाटणे हे मन शाबूत असल्याचे लक्षण आहे, आणि ती पुरती नाहीशी व्हावी असा हट्ट धरणारा माणूस स्वतःच्या मागे आणखी एक काळजी लावून घेतो: मला अजून काळजी का वाटते, ही. मला सांगायचे आहे ते इतकेच की झोप, चहा, चालणे, श्वास आणि फोन या रोजच्या गोष्टींनी चिंतेची तीव्रता कमीजास्त होते, आणि त्यांचा गुण येतो तो त्या बऱ्या दिवशीही पाळल्या तर. त्रास अंगावर आल्यावर घाईघाईने केलेल्या प्राणायामाचा उपयोग थोडाच होतो. तो का, हे पुढे ओघात येईल.

आधी शरीराकडे पाहू. हार्वर्डमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास धोक्यासमोर प्राण्याच्या शरीरात काय घडते याची मांडणी केली. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तप्रवाह पोटाकडून स्नायूंकडे वळतो. ही सारी तयारी लढण्याची किंवा पळून जाण्याची असते. रात्री दहा वाजता हिंजवडीच्या कार्यालयातून वरिष्ठांचा संदेश आला की शरीर याच तयारीला लागते. मात्र तेव्हा ना कोणाशी लढायचे असते, ना कुठे पळायचे असते. चिंतेची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे कित्येक जण त्याआधी पोटाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

या शरीराचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी निरोगी माणसातही वाढते. दिवसाच्या कामासाठी शरीर करत असलेली ती जुळवाजुळव असते. चिंतेने पछाडलेला माणूस याच वेळी अंथरुणात पडल्या पडल्या छातीतली धडधड ऐकतो आणि तिला कारण शोधू लागतो. कारण शोधायला बसले की ते सापडतेच, आणि उशाशी फोन असेल तर चार-पाच सापडतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की या वेळात फोन हाती घेऊ नये, अंथरुणात लोळत विचार करू नये, उठून गॅलरीत किंवा रस्त्यावर उजेडात जावे. सकाळच्या उजेडाने शरीरातील घड्याळ जागेवर राहते आणि त्याचा लाभ रात्रीच्या झोपेला होतो.

झोपेच्या बाबतीत आपण झोपायच्या वेळेची उठाठेव करतो. खरे तर धरून ठेवायची असते ती उठायची वेळ. झोप ठरवून लागत नाही, उठणे मात्र ठरवून होते. सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रात्री दोनपर्यंत जागतात, सकाळी नऊला उठतात, आणि परीक्षेच्या दिवशी पाच वाजता उठून केंद्रावर पोचतात. त्या दिवशीच्या थरथरीत भीतीचा वाटा किती आणि विस्कटलेल्या झोपेचा किती, हे त्यांना वेगळे करता येत नाही. प्रौढ माणसाला साधारण सात तास तरी झोप हवी. सुट्टीच्या दिवशीही उठण्याच्या वेळेत तासाभराहून अधिक फरक पडू न देणे, ही दिसायला क्षुल्लक गोष्ट मी सर्वांत वर ठेवते.

आता चहा. पुण्यात अमृततुल्याच्या विरोधात बोलणे हे धाडसच आहे आणि मी ते पूर्णपणे करणार नाही. पण हिशेब समजून घ्यावा. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूतील अ‍ॅडिनोसिनचे, म्हणजे थकव्याची जाणीव देणाऱ्या रसायनाचे काम रोखते, आणि पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. शिवाय कॅफीनने होणारी धडधड, हातांची थरथर आणि बेचैनी ही चिंतेच्या लक्षणांसारखीच असते; ज्यांना भीतीचे झटके येतात त्यांना हे अधिक जाणवते. दुपारी तीननंतरचा चहा बंद करून पंधरा दिवस पाहावे. सगळाच चहा एका दिवसात सोडू नये, कारण त्याने डोके दुखते, चिडचिड होते आणि प्रयोग तिसऱ्या दिवशी मोडतो. तंबाखू आणि सिगारेटबद्दल थोडक्यात सांगते. झुरका घेतल्यावर जे हायसे वाटते, ते बहुतांशी आधीच्या निकोटिनचा अंमल उतरल्याने आलेली अस्वस्थता शमल्याचे असते. ते जुन्या कर्जावरचे व्याज फेडणे आहे. दारूही रात्री सैल करते आणि पहाटे अधिक अस्वस्थ करून उठवते.

चालण्या-पळण्याचे फायदे सर्वांना पाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. मला त्यातला एक कमी बोलला जाणारा फायदा सांगायचा आहे. ज्याला छातीतल्या धडधडीचीच भीती बसली आहे, तो जिना टाळतो, भरभर चालणे टाळतो, आणि टाळल्यामुळे ती भीती पक्की होते. असा माणूस पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो तेव्हा त्याचे हृदय जोरात धडधडते, त्याला दम लागतो, घाम येतो, म्हणजे ज्या ज्या गोष्टींना तो भितो त्या सगळ्या घडतात, आणि वर पोचून दहा मिनिटांत त्या आपोआप ओसरतात. हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर धडधड आणि संकट यांची त्याच्या मनात बसलेली जोडी सुटू लागते. कोणीतरी समजावून सांगण्यापेक्षा हा धडा फार खोल जातो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावे, आणि वेताळ टेकडी किंवा तळजाईवर शर्यत लावल्यासारखे चढू नये.

श्वासाच्या अभ्यासाला आपल्या परिसरातच मोठी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यासाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम सुरू केले. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, यात व्हेगस या चेतेचा वाटा असतो. त्यामुळे उच्छ्वास लांबवून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्यास शरीर शांत होण्यास मदत होते. चूक होते ती ‘खोल श्वास घ्या’ या सल्ल्याने. घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि तो अधिकच घाबरतो. शिवाय श्वासाचा वापर चिंतेशी लढण्याचे हत्यार म्हणून केला, की दर दोन मिनिटांनी ‘गेली का?’ असे तपासणे सुरू होते, आणि त्या तपासणीनेच ती टिकते. म्हणून हा अभ्यास संध्याकाळी, मन बरे असताना, पाच-दहा मिनिटे करावा, आणि तेवढ्यात काही साधले पाहिजे अशी अट घालू नये.

हे तपासणे आपल्या घराघरांत चालते. मुलगा परदेशी असलेल्या आईवडिलांना रात्री दोन वाजता उठून तो व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचा कधी दिसला हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगी कात्रजहून निघाली की घरी पोचेपर्यंत चार वेळा फोन होतो. प्रत्येक फोनने पाच मिनिटे बरे वाटते आणि म्हणूनच पुढच्या फोनची गरज वाढते. हे एकदम बंद करायला सांगणे निर्दयपणाचे ठरेल. चाराचे तीन, तिनाचे दोन, आणि मग पोचल्यावरचा एक, अशा पायऱ्यांनी उतरावे. मधली घालमेल सोसावी लागते आणि ती सोसली की कमी होते. ‘काही होणार नाही’ अशी ग्वाही दहा वेळा देणाऱ्या नातेवाइकांनीही, प्रेमापोटी का होईना, आपण त्या गरजेला खतपाणी घालतो आहोत हे ओळखावे.

रेंगाळणाऱ्या काळज्यांसाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉम बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक पद्धत तपासली. दिवसभरात काळजी मनात आली की ती टिपून ठेवायची आणि रोज ठरलेल्या अर्ध्या तासात, ठरलेल्या जागी बसून तिचा विचार करायचा. ही जागा पलंग नसावी आणि ही वेळ झोपेच्या तोंडावर नसावी. संध्याकाळ होईपर्यंत निम्म्या काळज्या बसून विचार करण्याइतक्या मोठ्या वाटत नाहीत, असा अनेकांचा अनुभव आहे. उरतात त्यांतल्या काहींवर करण्यासारखे काही असते. ते कागदावर नेमक्या शब्दांत लिहावे. बेलर विद्यापीठातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. नऊ मिनिटे हा काही चमत्कार नव्हे, पण खर्च एका कागदाचा आहे.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णांबद्दल मात्र सावध राहावे. अश्वगंधेने चिंता काहीशी कमी होते असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पण क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, थायरॉइडच्या संप्रेरकांवर तिचा परिणाम होऊ शकतो, आणि गरोदरपणात ती टाळावी. कोणतेही औषध चालू असेल तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना हे सांगितलेच पाहिजे.

सवयींची धाव कुठवर, हेही सांगायला हवे. थायरॉइडची ग्रंथी अति काम करत असेल तरी धडधड, थरथर आणि बेचैनी होते. तिथे टेकडी चढून उपयोग नाही, रक्त तपासावे लागते. सहा महिने बहुतेक दिवस काळजी आवरेनाशी झाली असेल, भीतीचे झटके येत असतील, कामावर किंवा घराबाहेर जाणेच बंद होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. जीवनाचा कंटाळा येऊन टोकाचे विचार मनात येऊ लागले, तर त्याच दिवशी मदत मागावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतून बोलता येते.

शेवटी, जे आधीपासून औषध घेत आहेत त्यांनी आजचे व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर गोळी बंद करू नये. विशेषतः जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेतली जाणारी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी अचानक थांबवली तर चिंता पूर्वीपेक्षा तीव्र होऊन उसळते, क्वचित आकडीही (फिट) येते. तिचे प्रमाण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे किंवा महिने घेऊन, थोडे थोडे उतरवायचे असते.