त्र्यंबक ते अंतर्वेदी, एकाच फोटोत

(दृश्य : नाशिकच्या होळकर पुलावरून गोदाघाट. मागे वाहनांचा आवाज.)

पुलावरून गोदावरी दिसते ती एवढीच. खालच्या अंगाला रामकुंड, गांधी तलाव, पलीकडे पंचवटीतल्या देवळांची दाटी आणि मग वळण. नदी मात्र १,४६५ किलोमीटरची आहे. कुठल्याही लेन्समध्ये ती मावत नाही.

तिच्या काठाने फिरलेल्यांच्या मोबाइलमध्ये ती तुकड्यातुकड्यांनी पडून असते. त्र्यंबकचं कुशावर्त, गंगापूर धरण, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, पैठणचा नाथसागर, नांदेडचा घाट, राजमहेंद्रीचा रेल्वे पूल, अंतर्वेदीचा समुद्र. आम्ही काही हौशी नाशिककर हे तुकडे जोडून एक लांबट चित्र करतोय. डावीकडे ब्रह्मगिरी, उजवीकडे बंगालचा उपसागर, मधून एकच पाणी.

(दृश्य : संगणकाचा पडदा. फोटोंचे तुकडे इकडेतिकडे सरकतायत.)

"म्हणजे फोटोशॉप!" असं म्हणून लोक नाक मुरडतात. फोटोशॉप आलं १९९० मध्ये, आणि त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, आले १९९४ मध्ये. फोटो जोडण्याची खटपट त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधीची आहे. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर निळा रंग फार लवकर उमटायचा; लाटा नीट याव्यात म्हणून जास्त वेळ दिला की आभाळ कोरं पांढरं व्हायचं. मग त्यानं आभाळाची निगेटिव्ह वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजावर सांधा जुळवून दोन्ही एका कागदावर छापल्या. १८५७ मध्येच इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरनं तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं.

आपल्याकडचा नमुना तर थेट यात्रेचाच आहे. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याला गेलेलं कुटुंब तिथल्या चित्रकारांकडून श्रीनाथजींसमोर उभं असलेलं आपलं चित्र करून घ्यायचं. देव, दागिने, कपडे सगळं रंगवलेलं. चेहरे तेवढे फोटोतून कापून चिकटवलेले. त्यात कुणाला फसवणूक वाटली नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी एकदम स्वित्झर्लंडच्या बर्फात उभी दिसतात, तेव्हा आपणही हरकत घेत नाही. फक्त ते काम फार वाईट केलेलं असतं, एवढंच.

(दृश्य : पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक.)

नाशिकमध्ये हा विषय काढला की दादासाहेब फाळके टळत नाहीत. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रपट काढण्याआधी ते छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला होता. त्यांचा पहिला चित्रपट आला १९१३ मध्ये. पुढे नाशिकलाच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी आधी स्वतःच्या चेहऱ्यानं दिसते आणि बघता बघता तिचाच कृष्ण होतो. त्या काळी अशी दृश्यं कॅमेऱ्यातच जुळवावी लागत. एक दृश्य घ्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच फिल्मवर दुसरं उमटवायचं. चुकलं की दोन्ही गेली. आमच्या हाताशी 'अनडू' आहे, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, त्यामुळे आम्ही फार तोरा मिरवू नये हे बरं.

(दृश्य : पडद्यावर नाशिक आणि नांदेडचे फोटो शेजारीशेजारी.)

नवशिक्या माणसाचा सगळा जीव कडा कापण्यात अडकतो. झाडाची पानं, माणसाचे केस, देवळाचा कळस. कडा महत्त्वाची आहेच, पण ती मास्कनं सुधारता येते: मास्कवर काळा रंग लावला तिथे लेयर झाकला जातो, पांढरा लावला तिथे दिसतो, राखाडी लावला तर अर्धवट. जोड उघडा पडतो तो उजेडामुळे. दोन शेजारच्या फोटोंत सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडल्या, तर बघणाऱ्याला चूक नेमकी दाखवता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. म्हणून आमचा नियम एकच. सूर्य उजवीकडे.

नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. दक्षिणेच्या काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं आणि सकाळचा सूर्य उजव्या हाताला येतो. नांदेडला हे झकास जमतं. मार्चमध्ये सकाळी साडेनऊला पलीकडचा घाट स्वच्छ उजळलेला असतो, आणि पायऱ्यांच्या सावल्या एका ओळीत डावीकडे पडतात.

घोटाळा होतो तो घरच्याच घाटावर. रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेला वळते. पाणी डावीकडून उजवीकडे हवं, तर जुन्या नाशकाच्या काठावर, पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं लागतं. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. समोरचं नारोशंकराचं देऊळ नुसतं काळं दिसतं. १७४७ मधलं ते सगळं कोरीव काम अंधारात. संध्याकाळी उजेड सुंदर पडतो, पण आपल्या पाठीमागून. आमच्या उपयोगाचा नाही.

उपाय डिसेंबरच्या भर दुपारी सापडतो. फोटोग्राफर दुपारचा कॅमेरा पिशवीतून काढत नाहीत, कारण ऊन डोक्यावर असतं. पण नाशिक २० अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून साधारण ४७ अंशांपर्यंतच चढतो, आणि तोही दक्षिणेला. म्हणजे इथे आपल्या बरोबर उजवीकडे. साडेबाराच्या सुमाराला ऊन देवळाच्या अंगावरून तिरपं घासून जातं आणि नक्षी उठून दिसते. नांदेडचा मार्चमधला साडेनऊचा सूर्यही जवळपास तेवढाच वर असतो. दोन फोटो शेजारी ठेवले आणि सावल्या जुळल्या.

राजमहेंद्रीलाही नदी दक्षिणेकडेच वाहते. तिथे पलीकडच्या कोव्वूरच्या काठावरून, कमानींचा रेल्वे पूल चौकटीत घेऊन, डिसेंबरातच फोटो काढायचा; फक्त घड्याळ वेगळं. राजमहेंद्री नाशिकच्या पूर्वेला सुमारे ८ रेखांश आहे, त्यामुळे तिथली खरी दुपार अर्धा तास आधी होते. बाराला तयार राहायचं.

(दृश्य : पाण्यातलं प्रतिबिंब, जवळून.)

पाण्याचं काम सगळ्यांत किचकट. पावसाळ्यात गढूळ, थंडीत हिरवट, आणि शहराखाली पाणवेलींचा गालिचा. रंग थोडाफार जुळवता येतो. प्रतिबिंबाचं तसं नाही. देवळाचा फोटो उलटा करून पाण्यात चिकटवला की झालं, असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात पाण्याला वस्तू खालून दिसते. पुलाचा वरचा रस्ता आपल्याला दिसत असला, तरी प्रतिबिंबात त्याचा खालचा पोट-भागच यायला हवा. म्हणून प्रत्येक ठिकाणचं प्रतिबिंब तिथल्याच फोटोतलं ठेवायचं आणि सांधा दुसरीकडे न्यायचा. त्यासाठी नदीनंच सोय करून ठेवली आहे: बंधारे. नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्याच्या वर पाणी संथ, खाली खळाळतं. मधला दगडी पट्टा दोन फोटोंमधली रेघ सहज गिळतो.

(दृश्य : दुतोंड्या मारुती, आधी उन्हाळ्यात, मग पुरात.)

एका ठिकाणी आम्ही आमचाच नियम मोडलाय, तोही मुद्दाम. दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीला पाणी कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. ज्या मारुतीवर शहर पूर मोजतं, त्याला कोरड्या पात्रात उभा करून आमचं समाधान होईना. म्हणून ट्रायपॉड एकाच जागी, एकाच उंचीवर आणि लेन्स एकाच मापावर ठेवून दोन ऋतूंत फोटो घेतले, मागच्या कळसांवरून जुळवले आणि मूर्तीच्या मधोमध मास्क ओढला. डाव्या अंगाला उन्हातला पायथा, उजव्या अंगाला गळ्यापर्यंतचं लाल पाणी. पुराच्या बाजूला ढगाळ उजेड आहे, सावलीच नाही. जोड ढळढळीत दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे असं माझं मत आहे. आभाळ बदलून "बघा आमच्या ट्रिपचा सूर्यास्त" म्हणणाऱ्यांपेक्षा हे बरं. छापताना चित्राखाली ठिकाणं आणि महिने क्रमानं येतील, म्हणजे कुठलं पाणी कधीचं हे ज्याला बघायचं त्याला बघता येईल.

(दृश्य : पूर्ण पट्टी. मध्ये एक कोरा पांढरा भाग.)

नांदेडच्या पुढे मात्र भोक आहे. भद्राचलमपर्यंतचा, आमच्या उजेडात बसणारा एकही फोटो हाती नाही. तापीचं किंवा कृष्णेचं पाणी तिथे बेमालूम बसलं असतं, पण गोदावरीच्या चित्रात कृष्णा नको. तेव्हा त्या बाजूला कुणी जाणार असाल तर आमचं एवढं काम करा. नदी पूर्वेला वाहत असेल तर दक्षिणेचा काठ आणि सकाळची साडेनऊची वेळ. दक्षिणेला वळली असेल तर पश्चिमेचा काठ, डिसेंबर, दुपारचे बारा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, आडवा, क्षितिज चौकटीच्या मधोमध. झूम नको. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, लहान होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.