सदाफुलीच्या पेशी आणि चेहऱ्याचं क्रीम

(दृश्य : तुळशीबाग, दुकानात मांडलेले क्रीमचे डबे)
डब्यावर सफरचंदाचं चित्र आणि खाली ओळ : ‘वनस्पतींच्या मूळ पेशींचा अर्क’. वाचून वाटतं, या पेशी चेहऱ्यात जाऊन रुजणार. पण अर्क काढताना पेशी फोडल्या जातात. क्रीममध्ये उतरतात ती त्यांच्यातली रसायनं.

(दृश्य : पाषाण रस्ता, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा)
पुण्याला पेशी वाढवण्याचं शास्त्र नवं नाही. एरवी कित्येक दशकांनी फुलणारा बांबू इथल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत काही महिन्यांत फुलवला. १९९० साली ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

(दृश्य : शेकरवर हलणारे फ्लास्क)
पानाचा निर्जंतुक तुकडा साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर ठेवला, की त्यातून भुसभुशीत गोळा वाढतो. हा कॅलस. तो पातळ माध्यमात सोडायचा, फ्लास्क हलवत ठेवायचे, पुढे मोठ्या टाकीत न्यायचं. हंगामाची वाट पाहायला नको, दुर्मीळ झाडाची मुळं खणायला नकोत. या तंत्राचं खरं मोल मला इथे दिसतं. जपानमध्ये शिकोनिन हा लाल रंग असाच टाकीत तयार झाला आणि १९८०च्या दशकात लिपस्टिकमध्ये गेला.

(दृश्य : सोसायटीच्या कुंपणालगत फुललेली सदाफुली)
आता उजळपणा. त्वचेतलं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य घडवतं. उजळपणाच्या क्रीममध्ये घालतात त्या आर्ब्युटिन या रसायनाची रचना टायरोसिनशी मिळतीजुळती, म्हणून विकर त्यात अडकतं आणि मेलॅनिन कमी बनतं. सदाफुलीच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना हायड्रोक्विनोन हे रसायन दिलं, तर त्या त्याला ग्लुकोज जोडतात आणि आर्ब्युटिन तयार होतं! दारातल्या झाडाची ही करामत मला फार विलक्षण वाटते.

पण काचेच्या बशीत विकर रोखणं वेगळं आणि चेहऱ्यावरचा वांग फिकट होणं वेगळं. त्वचेचा वरचा थर सहजासहजी काही आत सोडत नाही. फरक पडलाच तर हळूहळू, आणि तोही डागांपुरता. जन्मजात सावळा रंग हा काही आजार नाही. तो बदलण्याचं आश्वासन देणारा डबा सरळ खाली ठेवा. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात सनस्क्रीन न लावता फिरलात, तर डाग पुन्हा गडद होतातच.

आणि हो, सदाफुलीची पानं घरी वाटून चेहऱ्याला लावू नका. तिच्यात आर्ब्युटिन आपोआप साठत नाही. साठतात ती अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली तीव्र परिणाम करणारी रसायनं. कर्करोगावरचं औषध विनक्रिस्टिन त्यांतलंच एक.